म्युनिकच्या महापालिकेतील लिनक्स: तक्रारींचा हिशेब

जर्मनीतील म्युनिक शहराच्या महापालिकेने २८ मे २००३ रोजी ठराव केला, की पालिकेच्या कार्यालयांतील सुमारे १४,००० संगणकांवरील विंडोज काढून त्या जागी लिनक्स ही मुक्त, कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली आणावी. साडेचौदा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्याच सभागृहाने सगळे संगणक पुन्हा विंडोजवर नेण्याचा ठराव मंजूर केला. या दोन ठरावांमधल्या काळाच्या दोन ठरावीक हकिकती सांगितल्या जातात. एकीत राजकारण्यांनी चांगली चाललेली व्यवस्था मोडली, तर दुसरीत तत्त्वाच्या हट्टापायी आणलेली व्यवस्था कर्मचाऱ्यांच्या गळी उतरली नाही. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: टेबलावर बसून काम करणारी माणसे ज्या गोष्टींनी वैतागली होती, त्यांतील किती गोष्टींचे मूळ खरोखर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या विंडोज किंवा लिनक्ससारख्या मूळ प्रणालीत होते? विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार (सुरक्षेच्या सुधारणा आणि दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर अनेक कार्यालये, शाळा आणि छोटे व्यावसायिक आज हाच निर्णय घेण्याच्या वळणावर उभे आहेत, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

सुरुवात विंडोजच्याच एका जाचातून झाली. पालिकेत विंडोज एनटी ४ चालत होते आणि ते रोजच्या कामाला पुरेसे होते; पण मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार बंद करण्याचे जाहीर केल्यामुळे, संगणक धडधाकट असूनही पालिकेला बदल करणे भाग पडले. विंडोज वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा अनुभव ठरावीक वर्षांनी येतो. बदल केव्हा करायचा हे संस्थेच्या सोयीने ठरत नाही, विकणाऱ्याच्या वेळापत्रकाने ठरते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला तेव्हा हेच झाले, आणि विंडोज ११ ने टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि ठरावीक पिढीपुढच्या प्रोसेसरची अट घातली तेव्हा चालू स्थितीतील असंख्य यंत्रे एका फटक्यात कालबाह्य ठरली.

पालिकेने युनिलॉग या सल्लागार संस्थेकडून पर्यायांचा अभ्यास करून घेतला. त्यात खर्चाच्या बाजूने विंडोज आणि लिनक्स जवळजवळ बरोबरीत होते, किंबहुना विंडोज किंचित स्वस्तच पडत होते. मात्र एकाच पुरवठादारावरील अवलंबित्वासारख्या दीर्घकालीन मुद्द्यांवर लिनक्सला अधिक गुण मिळाले. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधील आपली सुटी मध्येच थांबवून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला गेले आणि कंपनीने किंमतही खाली आणली. तरीही पालिका ठाम राहिली. याचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरला. निर्णय स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर झाला होता आणि स्वातंत्र्याचा लाभ लेखनिकाला त्याच्या टेबलावर दिसत नाही. त्याला दिसतो तो बदललेला मेन्यू.

मॅकचा विचार या स्पर्धेत नव्हता आणि त्याचे कारण उघड आहे: अ‍ॅपलची प्रणाली अ‍ॅपलच्याच यंत्रांवर मिळते, त्यामुळे सगळी यंत्रे नव्याने घ्यावी लागली असती. मॅकचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. रोजचा वापर सुखाचा असतो, पण २००६ मध्ये इंटेलच्या चिप आल्या, २०१९ मध्ये कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे बंद केले, २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या चिप आणल्या, आणि अशा प्रत्येक वळणावर जुने प्रोग्रॅम मागे पडले. एखादा परवाना विभाग पंधरा-पंधरा वर्षे एकच प्रोग्रॅम चालवतो. त्याला हे परवडणारे नसते.

स्थलांतराची पद्धत सावध होती. आधी विंडोजवरच ओपनऑफिस हा वर्डच्या जागी वापरायचा मुक्त प्रोग्रॅमसंच आणायचा, तो अंगवळणी पडला की खालची प्रणाली बदलायची, आणि जे खास प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालतच नाहीत ते टर्मिनल सर्व्हरवर (दूरच्या सामायिक संगणकावर) किंवा आभासी यंत्रात (लिनक्सच्या आत चालणाऱ्या विंडोजमध्ये) ठेवायचे, असे ठरले. पालिकेने स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली, तिला लिमक्स नाव दिले. ती आधी डेबियन आणि नंतर उबंटू या लिनक्सच्या प्रचलित आवृत्त्यांवर आधारलेली होती. प्रत्यक्ष टेबलांवर ती २००६ पासून पोचू लागली.

पहिला मोठा अडथळा आला तो पत्रांचा. सरकारी कार्यालयात पत्र म्हणजे नुसता मजकूर नसतो. वर विभागाचे शीर्षपत्र, कोपऱ्यात अधिकाऱ्याचे नाव, खोली क्रमांक आणि दूरध्वनी, खाली जावक संदर्भ, आणि एकाच पत्राच्या अनेक प्रती: एक अर्जदाराला, एक दुसऱ्या विभागाला माहितीसाठी, एक स्थळप्रत फाइलला, आणि प्रत्येक प्रतीवरचा शेरा निराळा. म्युनिकमध्ये हे सगळे वर्ड ९७ आणि वर्ड २००० मधील मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणारे छोटे आदेशसंच) आणि टेम्प्लेट (पत्रांचे तयार साचे) यांवर चालत होते. ती संख्येने हजारोंच्या घरात होती आणि विभागाविभागांत आपापल्या गरजेप्रमाणे वर्षानुवर्षे वाढत गेलेली होती. ओपनऑफिसमध्ये ती जशीच्या तशी चालणे शक्यच नव्हते. यावर पालिकेच्या तंत्रज्ञांनी वोलमुक्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला. अधिकाऱ्याने एकदा आपली ओळख निवडली, की शीर्षपत्र आपोआप भरले जाई; अर्जाच्या प्रकारानुसार योग्य परिच्छेद पुढे येत; आणि छापण्याचा आदेश दिला, की अर्जदाराची प्रत, माहितीची प्रत आणि स्थळप्रत आपापल्या शेऱ्यांसह वेगवेगळ्या बाहेर पडत. २००८ मध्ये पालिकेने हा प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. मला हे या प्रकरणातील सर्वांत कौतुकास्पद काम वाटते, कारण त्यामुळे पालिकेला आपल्या पत्रव्यवहाराची रचना प्रथमच एका जागी आणून एकसारखी करावी लागली.

पण या कामाचा वेळ आणि मनस्ताप कोणाच्या नावावर मांडला गेला? लिनक्सच्या. जुने मॅक्रो विस्कळीत होते आणि त्यांना हात घालणे केव्हातरी भागच होते, ही गोष्ट हिशेबात आली नाही. पालिका विंडोजवरच राहिली असती, तर २००७ मध्ये ऑफिसच्या नव्या आवृत्तीने मेन्यूंच्या जागी रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी आणली, त्या वेळी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोटांची सवय नव्याने लावावी लागली असती. बहुतेक मॅक्रो मात्र तिथे चालू राहिले असते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. या बाबतीत विंडोजची वाट खरोखरच सोपी होती.

दुसरा अडथळा संघटनेचा होता. पालिकेत वीसहून अधिक स्वतंत्र संगणक कक्ष होते, प्रत्येकाची यंत्रे निराळी, प्रोग्रॅम निराळे, सर्व्हर निराळे आणि काम करण्याची रीतही निराळी. सगळ्यांना एकच लिमक्स द्यायचे तर आधी या सगळ्यांना एका रेषेत आणणे आवश्यक होते, आणि काम लांबण्याचे सर्वांत मोठे कारण हेच होते. इट-अ‍ॅट-एम हा मध्यवर्ती संगणक विभाग उभा राहिला तो २०१२ मध्ये, म्हणजे पहिल्या ठरावानंतर जवळपास नऊ वर्षांनी. माझ्या मते म्युनिकची सर्वांत महागडी चूक ही क्रमाची होती: एक घडी बसवण्यापूर्वीच त्या घडीवर अवलंबून असलेला बदल हाती घेतला गेला. अशा विस्कळीत व्यवस्थेत कोणतीही प्रणाली आणली असती, तरी ती रखडली असती.

असे असूनही काम पूर्ण झाले. २०१३ च्या अखेरीस सुमारे १४,८०० संगणक लिमक्सवर होते, ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा अधिक. पालिकेने २०१२ च्या अखेरीस एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा हिशेब मांडला. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासाने नेमका उलटा हिशेब मांडला, आणि दोन्हीकडची गृहीतके इतकी वेगळी होती की त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मला अधिक मोलाचा आकडा दुसराच वाटतो. सभागृहातील प्रश्नाला उत्तर देताना महापौर ऊडे यांनी मार्च २०१२ मध्ये सांगितले, की लिमक्सचे संगणक १,५०० वरून ९,५०० पर्यंत वाढले त्या काळात महिन्याला येणाऱ्या बिघाडाच्या नोंदी जास्तीत जास्त ७० वरून जास्तीत जास्त ४६ पर्यंत उतरल्या. यंत्रे सहापटीहून अधिक झाली आणि तक्रारी घटल्या, हे कोणत्याही संगणक विभागाला अभिमान वाटावा असे आहे.

तरीही हा आकडा जपूनच वाचला पाहिजे. संगणक सुरूच झाला नाही तर माणूस नोंद करतो. बाहेरून आलेल्या तक्त्याची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर सरकली तर तो नोंद करत नाही, शेजारच्या टेबलाकडे वळून बोलतो. आणि वैताग साचतो तो या दुसऱ्या प्रकारातूनच. पालिकेबाहेरचे जग, म्हणजे ठेकेदार, वकील, राज्य शासन आणि नागरिक, वर्डमधील फाइल पाठवत होते. २००७ पासून नव्या वर्डचा मूळ फॉन्ट कॅलिब्री झाला. तो लिनक्सवर नसल्यामुळे त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येई, अक्षरांची रुंदी थोडी बदले, एक शब्द पुढच्या ओळीत जाई, तक्त्याचा एक रकाना उंच होई आणि सहीची जागा पुढच्या पानावर एकटी जाऊन बसे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्याशी रुंदीने जुळणारे लिबरेशन फॉन्ट २००७ मध्येच आले होते. कॅलिब्रीशी जुळणारा कार्लिटो २०१३ मध्ये आला आणि ओपनऑफिसमधूनच निघालेल्या लिबरऑफिससोबत तो २०१५ च्या आवृत्तीपासून मिळू लागला. म्हणजे या एका त्रासाचे मूळ ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नव्हते, फॉन्टमध्ये होते. वापरणाऱ्याला मात्र या फरकाशी काही देणेघेणे नसते, आणि त्याचे चुकते असेही मला वाटत नाही. बहुसंख्यांचा फाइलप्रकार ज्याच्याकडे नीट उघडत नाही त्यालाच खुलासा करावा लागतो. अल्पसंख्य प्रणाली वापरण्याची ही खरी किंमत आहे आणि ती लिनक्सच्या खात्यावर मांडणे न्याय्य आहे.

मराठी वाचकाला हा फॉन्टचा घोळ अनोळखी नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. कार्यालयात लगेच निष्कर्ष निघतो, की ‘लिनक्सवर मराठी चालत नाही’. वास्तविक तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तीच रांग दिसते आणि युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर तिन्ही प्रणालींवर वाचता येतो. त्रास खरा आहे, पण त्याचे मूळ ज्या दिवशी मजकूर टंकला त्या दिवसात आहे. प्रणाली बदलून तो जाणार नाही; जुना मजकूर रूपांतरित करावा लागेल.

म्युनिकमध्ये २०१४ साली डीटर राइटर महापौर झाले. ते स्वतःला मायक्रोसॉफ्टचे चाहते म्हणवत. त्यांनी आणि उपमहापौर योझेफ श्मिड यांनी कर्मचाऱ्यांच्या त्रासाबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली. या काळातील तक्रारी एकेक तपासून पाहिल्या तर चित्र स्पष्ट होते. महापौरांची एक तक्रार मोबाइल फोनवर पालिकेचा ईमेल मिळण्याबद्दल होती, त्यासाठी निराळा मेल सर्व्हर उभारावा लागतो हे त्यांना खटकले होते. टेबलावरच्या संगणकात विंडोज आहे की लिनक्स याचा या कामाशी काहीही संबंध नव्हता. २०१५ मध्ये दोन नगरसेवकांनी लिहिले, की त्यांना दिलेल्या लॅपटॉपवर स्काइपसारखे आवश्यक प्रोग्रॅम नाहीत आणि ते स्वतः बसवण्याचे अधिकारही नाहीत. प्रोग्रॅम बसवण्याचे अधिकार वापरकर्त्याला द्यायचे की नाही, हा व्यवस्थापकाचा निर्णय असतो. चांगल्या चालवलेल्या विंडोजच्या जाळ्यातही सामान्य कर्मचाऱ्याला ते अधिकार नसतातच. या तक्रारी खोट्या होत्या असे मी मुळीच म्हणत नाही. कामाचे साधन हातात नसलेल्या नगरसेवकाची अडचण खरी असते. पण त्या चुकीच्या ठिकाणी नोंदल्या गेल्या, आणि चुकीच्या ठिकाणी नोंदलेली तक्रार कितीही खर्च केला तरी दूर होत नाही.

पालिकेने मग अ‍ॅक्सेंचरकडून अभ्यास करून घेतला. अ‍ॅक्सेंचर आणि मायक्रोसॉफ्ट यांची अवानाड ही संयुक्त कंपनी असल्याने या निवडीवर टीका झाली, आणि ती रास्त होती. तरीसुद्धा २०१६ च्या त्या अहवालाने मुख्य दोष लिनक्सवर ठेवला नाही. संगणकविषयक जबाबदाऱ्या वाटल्या गेलेल्या, निर्णयांना विलंब, आवृत्त्या जुन्या, असे संघटनेचे दोष त्यात पुढे आले. अहवालाने निदान काही काळ विंडोज आणि लिनक्स दोन्ही उपलब्ध ठेवण्याचा मार्गही सुचवला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सभागृहाने मात्र २०२० च्या अखेरपर्यंत सर्वत्र एकसारखे विंडोज आणण्याची तयारी सुरू करण्याचा ठराव केला. संगणक विभागाचे प्रमुख कार्ल-हाइन्झ श्नायडर यांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले, की लिमक्समुळे मोठ्या तांत्रिक अडचणी असल्याचे त्यांना दिसत नाही. नोव्हेंबरमधील अंतिम ठरावात सुमारे २९,००० संगणकांसाठी विंडोजकडे जाण्याचा खर्च ४ कोटी ९३ लाख युरो धरला होता.

लिनक्सच्या बाजूचे दोषही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजेत. स्वतःची आवृत्ती घडवणे हे पालिकेने ओढवून घेतलेले ओझे होते. मूळ उबंटू पुढे जात राही, त्यावर पालिकेचे बदल पुन्हा बसवावे लागत, ते तपासावे लागत, आणि तोवर टेबलांवर जुनी आवृत्ती राही. त्याशिवाय विंडोजखेरीज न चालणारे खास प्रोग्रॅम कधीच संपले नाहीत. २०१६ च्या सुमारास चार हजारांहून अधिक संगणक विंडोजवरच होते, म्हणजे दोन प्रणालींसाठी दोन तऱ्हेचे कौशल्य, दोन तऱ्हेच्या चाचण्या आणि दोन्हींचा खर्च असा दुहेरी भार पालिकेने कायम वाहिला. हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतील असे करून घेणे मूळ योजनेत होते. ते काम पुरवठादारांकडून आधी करवून घेऊन मग प्रणाली बदलली असती, तर २०१४ मध्ये टीकाकारांच्या हाती फारसे काही उरले नसते.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्यांनी २००५ पासून आधी ओपनऑफिस, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आणले, मग २००८ पासून उबंटू. विंडोज व्हिस्टासाठी लोकांना नव्याने शिकवावे लागणारच होते, तर ते कष्ट उबंटूसाठी का घेऊ नयेत, असा त्यांचा विचार होता. पुढे त्यांचे सत्तर हजारांहून अधिक संगणक उबंटूवर गेले आणि तिथेच राहिले. प्रणाली म्युनिकमध्ये होती तीच. फरक होता तो दलाच्या एकछत्री रचनेचा, जिथे आदेश एकाच ठिकाणाहून निघत होते.

२०१७ मध्ये मतदान करायचे असते, तर मी परत फिरण्याच्या विरोधात मत दिले असते. ईमेलची व्यवस्था, टेम्प्लेट, आवृत्त्यांचा वेग आणि एकसंध संगणक विभाग यांवर तो पैसा खर्च केला असता, तर वैतागाचा मोठा भाग प्रणाली न बदलता ओसरला असता, असे माझे मत आहे. फाइलींच्या देवाणघेवाणीचा त्रास उरला असता, कमी झालेला, पण उरलेलाच. तो पत्करायचा की पुरवठादाराच्या वेळापत्रकाचा जाच पत्करायचा, हाच तुलनेचा खरा मुद्दा होता आणि त्यावर सभागृहात मोकळी चर्चा व्हायला हवी होती.

२०२० मध्ये म्युनिकमध्ये ग्रीन आणि एसपीडी पक्षांच्या आघाडीने, जिथे तांत्रिकदृष्ट्या आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असेल तिथे खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे करारात नमूद केले; टेबलांवरचे विंडोज मात्र तसेच राहिले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी पुन्हा हाच रस्ता धरला आहे, पण निराळ्या क्रमाने. आधी लिबरऑफिस, मग ईमेल आउटलुककडून थंडरबर्डकडे, आणि सर्वांत शेवटी लिनक्स. ईमेल बदलताना तिथेही कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या. त्या आल्या तेव्हा बहुतेक टेबलांवर विंडोजच होते, त्यामुळे त्या ईमेलच्याच तक्रारी म्हणून नोंदल्या गेल्या आणि ईमेल व्यवस्थेतच त्यांवर उपाय शोधला गेला.